जुळत नाही

पहिल्याच आठवड्यात यादी दिली: भिंग, पट्टी, शाईचा पॅड,
खारीच्या केसांचा ब्रश.
तो सांगलीत कुठंच मिळेना.
मी मामेबहिणीचा लाली लावायचा ब्रश दोनदा शाम्पूनं धुतला,
तरी माझ्या पहिल्या ठशात थोडी चमकी राहिली.
भिलवडे मॅडमनी लाल गोल काढून लिहिलं:
पुराव्यात भेसळ.

अण्णांनी विचारलं, "म्हंजे मुडदं चिरायचं काय गं?"
ते डॉक्टर करतात, म्हटलं, मिरजेला. आम्ही बाकीचं बघतो.
काच कुठल्या बाजूनं फुटली,
खोटी सही करणाऱ्यानं पेन कुठं उचललं,
कपाटावरचा हात कुणाचा.
तंबाखू मळायची थांबवून ते म्हणाले,
"म्हंजे तोलाईच की. काटा खरा पायजे."

अण्णा मार्केट यार्डात हमाल, बिल्ला एकशे अठरा.
संध्याकाळी घरी येतात ते कानाच्या पाळीपर्यंत पिवळे.

दुसऱ्या वर्षी कृष्णेचं पाणी गोळा केलं,
आयर्विन पुलाखाली, माई घाटावर, हरिपूरच्या संगमावर.
त्यात काचेच्या कवचाचं शेवाळ असतं, डोळ्यांना न दिसणारं.
जिता माणूस बुडाला तर शेवटच्या श्वासांबरोबर ते रक्तात शिरतं,
पार हाडातल्या मगजापर्यंत जातं.
मेल्यावर टाकलेल्याच्या हाडात ते सहसा सापडत नाही.
बसमध्ये मांडीवर तीन बाटल्या, चिठ्ठ्या लावलेल्या.
कंडक्टर म्हणाला, तीर्थ का?
मी हो म्हटलं.
आणखी काय सांगणार होते त्याला, तिकिटाएवढ्या वेळात.

पुढं काय, हे सगळेच विचारतात.
वरच्या वर्गातली शबाना पुण्याच्या प्रयोगशाळेत आहे,
मिठाच्या पाण्यात जठरं येतात तिच्याकडं, बरणीवर मोहोर.
जेवणाच्या सुट्टीत फोन करते, आवाजावरून बरी वाटते.
रणधीर विमा कंपनीत जळालेले टेंपो हुंगतो:
आग लागली की लावली.
एकजण बँकेत सह्या ताडतो, दोघं पुसलेले मोबाईल बोलते करतात.
आणि स्नेहांकिता, वर्गात पहिली आलेली,
विश्रामबागेत मेहुण्याच्या दुकानात चष्मे विकते.
जाहिरात निघाली की अर्ज भरते.

तर ठशांचं.
रेशनच्या यंत्रावर अण्णांचा अंगठा लागत नाही.
जुळत नाही, म्हणतं ते, बाईच्या आवाजात, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं.
हात धुऊन या काका. पुसून लावा. दुसरं बोट लावा.
मग मी जाते. माझा पहिल्याच झटक्यात जुळतो.
पोतं मात्र घरापर्यंत तेच उचलतात.

प्रात्यक्षिकाच्या वहीसाठी मी त्यांची दहा बोटं मागितली.
शाई लावली, डावीकडून उजवीकडं फिरवली.
कागदावर नुसते डाग, पुसलेल्या पाटीसारखे.
आडव्या दोन रेघा, त्या आकड्याच्या जखमेच्या.
वहीत रकाने तीनच: शंख, चक्र, कमान.
पुस्तकात पहिल्याच पानावर आहे
की हात लागेल तिथं माणूस काहीतरी ठेवून जातो.
तीस वर्षं ठेवलंच त्यांनी, पोत्यापोत्यावर थोडं थोडं,
आणि ती पोती कुठल्या कुठं गेली.
मॅडम म्हणाल्या, दुसरा माणूस घे.

मी नाही घेतला.
रात्री त्यांनी पाणी पिऊन ठेवलेला स्टीलचा पेला उचलला, कडेला धरून.
डब्यातली हळद चिमूटभर,
ब्रश आता माझा स्वतःचा, चमकी नसलेला.
फुंकर.
चार बोटांचे चार पिवळे ढग.
आणि खाली, बुडाजवळ, एकच लहान चक्र,
रेघ न् रेघ मोजता येईल असं.
डावी करंगळी.
आकडा धरताना ती बाहेरच राहते.

अण्णांना उठवलं. भिंग दिलं.
त्यांनी पेला बघितला, मग करंगळी, मग परत पेला.
"म्हंजे," ते म्हणाले,
"हिनं इतकी वर्षं कायबी काम केलं न्हाई की गं."